बोटीआधीचे वळ

"तिनी मूठ कशाले भरस, अक्का? ती ते चालनी बोटवर."

शेजारच्या जमनाबाई माझ्याबद्दल हे हळूच बोलल्या, पण मी स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी होते. आत माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणतं, सुपात गहू घेऊन बसल्या होत्या. श्रावणातला कानबाई देवीचा सण तोंडावर आला होता. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू शेराने मापत नाहीत. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. ज्याची मूठ पडली तो त्या घरचा. मोंबासाला असलेल्या माझ्या नवऱ्याची मूठ पडून झाली होती. आता माझी पाळी होती.

अक्कांनी वर न बघताच उत्तर दिलं, "जाई तवय जाई. आज ते आठेच घरमा शे ना?"

त्यांनी माझं नाव घेतलं, मूठ सोडली, आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या गालावर कोणीतरी सणसणीत थप्पड मारली.

मी 'मारली' असंच लिहितेय, कारण दुसरा शब्द नाही. मला चक्कर आली नव्हती, पाय घसरला नव्हता. फाडकन आवाज झाला, माझं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं आणि तोंडात रक्ताची चव आली. माझ्यासमोर कोणी नव्हतं. मागची ओसरी रिकामी होती. मोठ्या जाऊबाई अंगणाच्या पार टोकाला धुणं वाळत घालत होत्या, त्या आवाज ऐकून ओले हात घेऊन धावत आल्या.

जमनाबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "माय वं! हिना गालवर ते बोटं उठनात!"

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, कधीच नव्हते. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये बोर्डिंगला राहून शिकले. तिथल्या मुली रात्री भुतांच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी पांघरुणात पुस्तक वाचत असायचे. या सदरातले अनुभवही मी आजवर 'कोणाला तरी ताप असेल' असंच मनात म्हणत वाचले आहेत. म्हणून हे लिहायला संकोच वाटतो. पण गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारलं होतं, की साथीच्या दिवसांत परदेशी जायची वेळ आली तर काय काय होतं. देवीची लस, पटकीची सुई, अंगात ताप नसल्याचा दाखला... हे कोणीही सांगेल. माझ्या बाबतीत आणखी जे झालं ते मी सांगते.

सत्तावन्न सालची गोष्ट. त्या पावसाळ्यात फ्लूची साथ होती. ती बोटींतून आली असं पेपरात येत होतं, त्यामुळे बोट म्हटलं की धुळ्यातली माणसं दोन पावलं मागं सरकत. शाळा ओस, बाजारात निम्मी दुकानं बंद, घराघरांतून खोकल्याचे आवाज. माझं लग्न वैशाखात झालं होतं. नवरा मोंबासाला शाळेत शिक्षक. रजा संपली म्हणून लग्नानंतर लगेच ते परत गेले. मी मागून जायचं ठरलं. तिकडच्या सरकारचा परवाना आला, पण त्याला मुदत होती. श्रावण संपता संपता जी बोट मुंबईहून सुटणार होती तीच गाठायला हवी होती, नाहीतर परवाना रद्द, आणि नवा कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. त्यात बोटीच्या कचेरीने कळवलं होतं, की निघण्याच्या आठवड्यातला डॉक्टरचा दाखला नसेल तर धक्क्यावरूनच परत पाठवू.

मला मुंबईपर्यंत पोचवायला माझे जेठ, म्हणजे मोठे दीर, येणार होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नानांचा कापसाचा व्यापार होता. उंचपुरा, रुंद खांद्यांचा माणूस, पण सुईला इतका घाबरणारा, की माझ्याबरोबर त्यांनीही लस टोचून घेतली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभे राहिले होते. खिशात कापराची पुरचुंडी आणि ती सारखी नाकाला.

आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं जेठांशी बोलायचं नाही, ही रीत होती. डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढायचा, मान खाली, आवाज नाही. तेही माझ्याशी सरळ बोलत नसत. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगत. "कोनले चहा पाहिजे व्हई ते सांगी द्या," असं ते खुंटीवरच्या टोपीकडे बघून म्हणायचे, आणि जाऊबाई हसू दाबत माझ्याकडे बघायच्या. मला ही रीत सोयीची वाटायची, खरं सांगते. मी मुळात कमी बोलणारी. इथे न बोलण्याला कोणी घुमेपणा म्हणत नव्हतं, उलट वळण म्हणत होतं.

तर थप्पड. अक्कांनी हळद लावली. पहिला संशय अर्थातच जाऊबाईंवर आला, पण त्यांच्या हातून पाणी गळत होतं आणि माझा गाल कोरडा होता. मी आरशात पाहिलं. चार वळ. बोटांची टोकं हनुवटीकडे होती. समोरच्यानं मारलं तर बोटं कानाकडे जातात. हे वरून, कोणीतरी खूप उंच उभं राहून मारल्यासारखं होतं.

"काय व्हयनं वं? कोनी मारं?" अक्का विचारत राहिल्या.

मी मान हलवली.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे-नाक, नथ, दागिने... रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी ती डोक्यावर घेऊन गल्लीतल्या सगळ्या बायका पांझरेवर विसर्जनाला निघाल्या. साथीमुळे वाजंत्री कमी, पण बायका तेवढ्याच. जमनाबाई माझी थट्टा करत होत्या, "केळीवाली, मोंबासामा भाकर भेटस का, का तठे बी केळंच खास लोके?" माझं माहेर जळगावच्या मेहरूणचं, वडिलांच्या केळीच्या बागा, म्हणून मी गल्लीत 'केळीवाली'.

मी हसले. आणि पाठीत लाथ बसली.

दोन्ही खांद्यांच्या मध्ये. श्वासच गेला. मी नदीकाठच्या खडकांवर तोंडावर पडले. ओठ फाटला, समोरचा दात हलला. उठायला हात टेकले तर दुसरी लाथ कुशीत बसली, तिसरी त्याच जागी. बायका किंचाळत माझ्याभोवती जमल्या होत्या, आणि सगळ्यांना दिसत होतं की माझं अंग दर वेळी उचललं जाऊन पुढं फेकलं जातंय आणि मारणारं कोणी नाही. अक्कांनी अंगावर झोकून देऊन मला झाकलं तेव्हा ते थांबलं. माझं नवं लुगडं रक्तानं भरलं होतं.

त्या गर्दीत एका म्हाताऱ्या बाईच्या अंगात कानबाई आलेली होती. केस सोडून ती घुमत होती. बायकांनी मला तिच्यापुढे ओढत नेलं. जमनाबाईंनीच विचारलं, "माय, आमनं काय चुकनं? या पोरले का बरं मारस?"

ती घुमायची थांबली. माझ्याकडे बघून एकदम साध्या, घरगुती आवाजात म्हणाली,

"मी नही मारं."

आणि ती बाई माझ्यापासून मागं सरकली. देवी अंगात असलेली बाई घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरी आल्यावर अक्का रडायला लागल्या. रोट भाऊबंदांतच खायचा असतो, गावाबाहेर जाऊ द्यायचा नसतो. पण लेकाला लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईचा घास मिळावा म्हणून अक्कांनी पहिल्या घाण्यातला एक रोट फडक्यात बांधून माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी ठेवला होता. "मन्हाच गुन्हा, माय, मन्हाच," असं म्हणत त्यांनी तो काढला आणि नाना स्वतः जाऊन तो पांझरेत सोडून आले. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. कारण सापडलं होतं.

फक्त माझ्या मनात एक शंका होती आणि ती मी बोलले नाही. पहिली थप्पड बसली तेव्हा रोट केलेलेच नव्हते. गहू अजून सुपात होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि नाना जळगावला निघालो. वडिलांचा निरोप घ्यायचा, तिथेच दाखला घ्यायचा आणि तिथून मुंबईची गाडी, असा बेत होता. एस.टी.त नानांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः मधली जागा मोकळी सोडून टोकाला बसले. प्रत्येक खोकणाऱ्याकडे वळून बघत आणि कापूर हुंगत. अधूनमधून समोरच्या सीटला म्हणत, "कोनले उलटी व्हई ऱ्हायनी व्हई ते खिडकी उघडी शे."

पारोळ्याच्या पुढे माझं डोकं मागून धरलं गेलं. केसांत पाचही बोटं रुतली हे मला स्पष्ट कळलं. आणि कपाळ समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं गेलं. एकदा... पुन्हा... पुन्हा. कंडक्टरने घंटी ओढली. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, पण ऐकू येत होतं. मागच्या सीटवरचा एक फेटेवाला उभा राहिला.

"ओ पाव्हणं! बायकोले असं मारतस का, भो? गाडीमा?"

नानांचे कान लाल झाले. "ती... ती मन्ही बायको नही. भावजय शे."

"मंग ते आनखीच चांगलं!" फेटेवाला म्हणाला, आणि अख्खी गाडी नानांकडे बघायला लागली.

नाना मधली जागा सोडून बसले होते, त्यांचे हात कापराच्या पुरचुंडीवर होते, हे पाहणारी एकटी मीच होते. आणि मला त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. त्यांनी आपला धुतलेला पंचा सीटवर, आमच्या मधल्या जागेत ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कोनले रक्त पुसनं व्हई ते..."

मेहरूणला आमचं घर तळ्याच्या रस्त्यावर. अंगणात केळीचे घड रचलेले, पावसाने चिखल. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर उभे होते. मला आई नाही, ती मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर काकूच बघायच्या. मी पायऱ्या चढून जवळ गेले आणि आबांनी माझं तोंड पाहिलं. फाटलेला ओठ, कपाळाची खोक, गालावर पिवळे पडत चाललेले चार वळ. मग त्यांनी नानांकडे पाहिलं.

"कोनं मारलं तुले? सांग मले."

मी गप्प. नाना समोर होते.

"असं का? तिची जीभच बंद करून आनली तुम्ही!" आबांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि ते अंगणात उतरले.

पहिला तडाखा नानांच्या खांद्यावर बसला, दुसरा हातावर. नानांचा चष्मा चिखलात पडला. माझ्या आबांना मी आयुष्यात कोणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं आणि आता ते दातओठ खात, आईबहिणीच्या शिव्या देत मारत होते. नानांनी हात वर केला नाही. त्यांची उंची, त्यांचे खांदे... एका झटक्यात ते आबांना आडवं करू शकले असते. ते नुसते म्हणत होते, "आबा, ऐकी ल्या. आबा, मी नही."

मी पायऱ्या उतरून मध्ये पडायला धावले, आणि माझे केस मागून पकडले गेले.

या वेळी मारलं नाही. ओढलं. मी उताणी पडले आणि चिखलातून, फाटकाकडे नाही, घराकडे, उलट्या दिशेने ओढली जाऊ लागले. आबांनी काठी टाकून माझं मनगट धरलं. आबा वजनदार माणूस, दोन्ही पाय रोवून उभे राहिले, तरी माझ्याबरोबर घसरत आले. चिखलात त्यांच्या टाचांच्या दोन चऱ्या पडल्या. नानांनी रीतभात विसरून माझा दुसरा हात धरायला हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला, आणि माझ्या साडीचा सोगा धरला. मी ओरडत होते. खांदा निखळतोय असं वाटलं. आणि मग आबांनी हात सोडला.

सोडला म्हणजे... त्यांच्या तोंडाकडे मी बघत होते. ते माझ्या डोक्याच्या मागे, वर, कुठेतरी बघत होते. काय दिसलं ते त्यांनी कधीही सांगितलं नाही.

केसांचा एक झुबका मुळासकट निघाला, आणि त्याबरोबर मी सुटले. तो झुबका लगेच खाली पडला नाही. क्षणभर अधांतरी राहिला, कोणाच्या तरी मुठीत असावा तसा. मग मूठ उघडली.

त्या संध्याकाळी ओट्यावर दोघे बसले होते. नानांच्या हाताला आबांनीच आंबेहळद लावली.

"माफ करा मले, नाना."

"नही, नही. मन्ही पोर राहती ते मी बी तेच करतू."

मग वाद सुरू झाला. आबा म्हणत होते, पोरीला पाठवत नाही, जे काही आहे त्याला ती जायला नको आहे, बोटीवर काही झालं तर समुद्रात टाकून देतील. नाना म्हणत होते, इथं ठेवून तरी काय, घरात राहून मार बसतोच आहे, परवाना गेला तर भाऊ तिकडे आणि ही इकडे, किती वर्षं? आबा म्हणाले, वर्षं गेली तर गेली, जीव तर राहील. नाना म्हणाले, कदाचित पाण्यापलीकडे ते येणार नाही. आबा म्हणाले, आणि आलं म्हणजे?

मी आतल्या खोलीत काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. दोघांचंही बरोबर वाटत होतं. दोघांपैकी कोणीही आत येऊन मला विचारलं नाही. मी मनातल्या मनात दोन्ही उत्तरं तयार ठेवली होती.

सकाळी आबांना ताप भरला. फ्लूच. अंग तव्यासारखं, डोळे लाल. ग्लानीत एकच वाक्य, "मी सोडला हात... मीच सोडला." काकूंनी मला त्यांच्याजवळ बसू दिलं नाही. म्हणाल्या, तुला ताप आला तर दाखलाही गेला आणि बोटही. आबांना मी दारातूनच पाहिलं. बोट गाठायची तर त्याच दिवशी दाखला घ्यायला हवा होता. नानांनी दुखऱ्या हाताने टांगा थांबवला आणि घोड्याला सांगितलं, "कोनले यानं व्हई ते या."

दवाखान्याच्या व्हरांड्यात फ्लूची माणसं जमिनीवर झोपली होती. फिनेलचा वास, ओल्या फडक्यांचा वास. डॉक्टर पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले, तरुण, डोळ्यांखाली काळं झालेलं. तोंडाला फडकं बांधलेलं. त्यांनी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. घसा पाहिला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, दंडावरची देवीची खूण पाहिली. मग त्यांनी माझा पदर मागे सारला आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी सगळं पाहिलं. डोक्यावरची केस उपटलेली जागा, कपाळ, ओठ. नर्सला बोलावून पाठ दाखवायला लावली, तिथे काळेनिळे डाग होते. मग ते माझ्या गालाजवळ आपला हात नेऊन, न लावता, बोटं जुळवून बघत राहिले.

"वरून खाली," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा बराच उंच माणूस."

नाना दाराशी उभे होते. दारात मावत नव्हते, म्हणून थोडे वाकून. ते हसले. माणसं डॉक्टरांसमोर हसतात तसं.

"कॉन्व्हेंटमध्ये शिकलात ना?" डॉक्टरांनी कागदावरून वाचलं आणि मग इंग्रजीत बोलायला लागले. हळू, सावकाश, नानांकडे बघत. "यांना इंग्रजी येतं?"

मी मान हलवली. नाही.

"हे तुमचे यजमान?"

"जेठ," मी कसंबसं पुटपुटले.

"ते खोलीत आले तेव्हापासून मी बघतोय. तुम्ही डोळे वर केले नाहीत. तोंड झाकलंत. त्यांच्यासमोर तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी इथे नवीन आहे, पण एवढं मला कळतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला काहीही बोलायची गरज नाही. फक्त मान हलवा. मी पोलिसांना बोलावतो. हा माणूस या खोलीतून बाहेर जाणार नाही. तुम्हाला बोटीवर बसायची गरज नाही, वडिलांकडे राहा. पण मान हलवली नाहीत तरी या अवस्थेत मी दाखला देणार नाही. अशा मुलीला मी कोणाच्याही हाती समुद्रापार पाठवणार नाही."

ते चांगले होते, हे लिहायलाच हवं. त्या सगळ्या दिवसांत माझ्या उत्तरासाठी थांबलेला तो पहिलाच माणूस.

मी थांबले. मला वाटलं, आता बसेल. आता, इथे, यांच्यासमोर एक थप्पड बसू दे. त्यांना दिसू दे. मी दात आवळून, मान ताठ करून वाट पाहत राहिले. काहीच झालं नाही. खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी खोकत होतं.

"काय म्हनतस डॉक्टर?" नाना टेबलावरच्या बाटलीला विचारत होते. "कोनले ताप ते नही ना?"

डॉक्टरांच्या बोलण्यात सगळं नीट बसत होतं. उंची बसत होती, हाताचा आकार बसत होता. एस.टी.तल्या सगळ्यांना तसंच दिसलं होतं, आबांनाही आधी तेच वाटलं होतं. एक मान हलवली की या सगळ्याला एक कारण मिळणार होतं, साधं, पोलिसांना समजेल असं. आणि माझ्या न बोलण्याने ते कारण तयार झालं होतं.

वाचकहो, तुम्ही आता विचाराल की ते काय होतं. त्या म्हाताऱ्या बाईला विचारलं, तिने नाही म्हटलं. पुढे एका शिकलेल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला मन फार दाबलं की शरीरावर वळ उठतात. मग आबांच्या टाचांच्या चऱ्यांचं काय? तो केसांचा झुबका अधांतरी कोणी धरला होता? मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवशी डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून मला जेवढं माहीत होतं त्याहून आज काडीचंही जास्त माहीत नाही.

मी पदर पुढे ओढला नाही. मान वर केली. डॉक्टरांकडे नाही, दाराकडे, नानांच्या डोळ्यांत बघितलं. ते दचकून भिंतीकडे बघायला लागले. आणि मी मराठीतच, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले,

"नानांनी मला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. मला कोण मारतं ते मला माहीत नाही, डॉक्टर. तुम्ही दाखला लिहा. मला जायचंय."